भिंतीपलीकडची खसखस

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातही चौथीचं अर्धं वर्ष धाकट्या भावाला कडेवर घेऊन घरीच गेलं. हे कुणी वाचणार नाही हे मला माहीत आहे. तरी माफी मागितल्याशिवाय मला काही सुरूच करता येत नाही. दुकानात मीठ घ्यायचं असलं तरी मी आधी कसंनुसं हसते आणि मग मीठ मागते.

तोंडाने सांगायला गेलं की सगळे म्हणतात, झालं गेलं, सोड आता. म्हणून लिहून ठेवते.

आमच्या घरात मुंग्या झाल्या होत्या. सुरुवात त्यांच्यापासूनच करते, कारण पुढे सगळं त्यांच्यावर ढकललं गेलं.

माझं माहेर मंद्रूप. तिथं आई मला मुंग्या ओळखायला शिकवायची. मोठे काळे मुंगळे गुळाच्या ढेपेला येतात. एकेकटे हिंडतात, आणि एकदा चावले की ओढून काढताना डोकं तुटलं तरी सोडत नाहीत. बारीक लाल मुंग्या तेलकटाला येतात, मेलेल्या झुरळाला येतात, चावल्या की अंगाची आग होते. त्या दिसल्या की आई उकळतं पाणी घेऊनच धावायची. काही मुंग्या नुसत्या सैरावैरा पळतात, रांग म्हणून धरत नाहीत. आई म्हणायची, त्यांचं त्यांनाच काय सुधरत न्हाय, जातील आपोआप. आणि चौथ्या बारीक काळ्या. त्या चावत नाहीत, गोडाला येतात आणि सुतासारखी रांग धरतात. त्यांना मारायचं नाही. काळ्या मुंग्या म्हणजे लक्ष्मी. आई त्यांना बांधावरच्या कडुलिंबाखाली रवा-साखर टाकून यायची. म्हणायची, हितं पोट भरलं की घरात कशाला येत्याल?

माझ्या सोलापूरच्या घरात आल्या त्या ह्या चौथ्या.

घर म्हणजे अर्धं घर. पूर्वी ते एकच होतं. माझ्या नणंदेचे मालक वारले आणि त्या माहेरी परत आल्या, तेव्हा सासऱ्यांनी मधोमध एका विटेची भिंत घातली. एक बाजू मुलाला, एक बाजू लेकीला. भिंत इतकी पातळ की वन्संनी पलीकडे खोकलं तर इकडे मी पाण्याचा तांब्या उचलायचे. त्या माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा घरात माझ्याशी नीट बोलणारं माणूस तेवढं एकच होतं. हे मुद्दाम लिहिते. कारण त्या वाईट आहेत असं लिहून मोकळं व्हावं, असं मला कधी कधी वाटतं, आणि ते खरं नाही.

शेंगापोळ्यांचं काम त्यांच्यामुळेच सुरू झालं. संक्रांतीला मी माहेरच्या पद्धतीने पोळ्या केल्या होत्या. आमच्या भागात शेंगापोळी सगळेच करतात. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, गूळ, वेलदोडा. माझी आई त्यात खसखस घालायची. भाजून, पण कूट न करता, अख्खीच. पोळी चावताना ती दाताखाली बारीक कुरकुरते. खसखस महाग म्हणून विकायच्या पोळीत ती कुणी घालत नाही. वन्संनी पोळीचा तुकडा मोडला, खाल्ला, आणि चुलीपुढेच मांडी घालून बसल्या.

"ह्यात काय घातलंयस गं?"

"खसखस."

"खसखस? कुणाला सांगू नगंस." मग माझ्याकडे बघून हसल्या. "तू कुणाला सांगशील म्हणा. तुझ्या तोंडातनं सवताचं नाव येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्या चार पोळ्या डब्यात घालून कुठेतरी गेल्या आणि पहिली ऑर्डर घेऊन आल्या.

तेव्हापासून तीन वर्षं असंच चाललं. पोळ्या मी करायचे. गिऱ्हाईक बघणं, भाव ठरवणं, पोचवणं हे सगळं वन्संकडे. फोन त्यांचा, पैसेही त्यांच्याच फोनवर यायचे. त्या त्यातून मला माझे काढून द्यायच्या. मी कधी हिशेब विचारला नाही. अनोळखी माणसापुढे माझ्या घशाला कोरड पडते, मग बोलणारं कुणीतरी लागतंच. कुणी फोनवर पोळ्यांचं कौतुक केलं की वन्सं फोन माझ्या कानाला लावायच्या आणि मी हात जोडायचे. फोनवर हात जोडायचे! त्या पोट धरून हसायच्या.

उन्हाळा लागला तशा मुंग्या आल्या. दोन-तीन आधी ओट्यावर दिसल्या. मग एके दिवशी गुळाच्या डब्यापासून मोरीपर्यंत काळी रेघच. मी वन्संना बोलावलं.

"काळ्या हायत की," त्या म्हणाल्या. "लक्ष्मी हाय. मारू नगंस."

"पोळ्यांत गेल्या तर?"

"डबं पाण्यात ठेव."

तसं मी केलं. टेबलाच्या चारी पायांखाली वाट्या ठेवल्या आणि वाट्यांत पाणी. ही युक्ती माझीच होती, आईकडून आणलेली. वन्संनाही मीच ती दाखवली. गुळाची ढेप परातीत, परात पाण्याच्या घंगाळात. ओटा रॉकेलच्या फडक्याने पुसला, तर पोळीला वास लागायची भीती. म्हणून लिंबाच्या साली घासल्या. हळदीची रेघ ओढली, कापूर ठेवला. मुंग्या हळदीपाशी येऊन थांबायच्या, डोकी हलवायच्या आणि वळसा घालून पलीकडून यायच्या. दुकानातून मुंग्या मारायचा खडू आणला. खडूने रेघ मारली की दोन दिवस सगळं साफ, तिसऱ्या दिवशी दुसरीकडून रांग.

समोरच्या घरात तेलुगू बोलणारी एक अक्का राहते, दारात बसून विड्या वळते. ती सूप मांडीवर घेऊन माझी धावपळ बघायची.

"काय करलालीस गं, रांगोळी काढलालीस मुंग्यांना?"

"खडू हाय, अक्का."

"माझ्या घरात एक न्हाय बघ. तंबाखूचं घर हाय माझं, मुंगीला ठसका लागतोय!"

मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

मग होटगीची ऑर्डर आली. रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका माणसाच्या मुलीचा साखरपुडा होता, एकशे वीस पोळ्या. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच. मी दोन दिवस आधी घर धुतलं, मोरीत उकळतं पाणी ओतलं, मुंग्यांची रांग मागे मागे जाऊन शोधली. मोरीच्या फरशीखाली त्यांचं बीळ होतं. तिथं खडू घासला, वरून ओली माती लिंपली. पोळ्या पातळ लाटल्या, कडेपर्यंत सारण नेलं. पूर्ण गार करून, एकेक पोळी उजेडात धरून बघितली, मगच कागद घालून डब्यात रचली. एकाही पोळीवर मुंगी नव्हती. हे मी आजही देवावर हात ठेवून सांगेन.

वन्सं डबे घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या. आत आल्या नाहीत.

"डब्यात मुंग्या निघाल्या," म्हणाल्या. "पाव्हण्यांफुडं."

"वन्सं, मी बघितलं हुतं. एकेक पोळी..."

"मग मी खोटं बोलते व्हय? पाव्हण्यांनी ताटं सरकवली. समद्या पोळ्या गुरांना घातल्या त्यांनी. पैसं परत मागत्यात. चोवीसशे."

"एक डबा तरी आणायचा वन्सं. बघितलं असतं मी, कुठल्या मुंग्या हायत."

"त्यांच्या दारात उभं राहून मुंग्या बघू का मी? ही काळी का ही लाल? तू गेली असतीस तर कळलं असतं तुला. तुझं बोलणं मी खाल्लं तितं."

माझं बोलणं त्यांनीच खाल्लं असणार, मी कुठे जात होते? ट्रंकेत मशीन घेण्यासाठी पैसे साठवले होते. शिलाई मशीन नव्हे, शेंगदाण्याचं कूट करायची छोटी गिरणी. त्यातले चोवीसशे काढून मी त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते कमरेला खोचले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "रडू नगंस. थोडं दिस थांबू. लोक इसरत्यात."

लोक विसरले नाहीत, असं वन्सं मला सांगत राहिल्या. अमक्या बाई म्हणाल्या, मुंग्यांच्या घरचं नको. तमक्यांनी ऑर्डर मोडली. मी विचारायचंच बंद केलं. एक गोष्ट मला सारखी बोचायची. माझ्या हाताची चव वाईट आहे असं कुणी म्हटलं असतं तर चाललं असतं, एखाद्याला नाही आवडत. पण मी घाणेरडी आहे, माझ्या घरचं खाववत नाही, हे मला सहन होईना. बाजारात कुणी माझ्याकडे बघून शेजारणीशी बोललं तरी वाटायचं, मुंग्यांचंच बोलत आहेत. पदर तोंडाशी धरून मी परत यायचे.

घरात पैसे लागतातच. मालक टेम्पो चालवतात, रोज भाडं मिळतंच असं नाही. मी पोरांच्या एका मेसमध्ये दुपारी भाकरी थापायला जाऊ लागले. भट्टीपुढे उभं राहून थापायचं. मान खाली, बोलायचं काम नाही. ते मला बरं होतं.

स्वयंपाकघरात आता काही नव्हतं. गूळ चहापुरता, तोही झाकण पिळलेल्या बरणीत. शेंगदाणे नाहीत. पोळपाटसुद्धा धुऊन उभं करून ठेवलं होतं. आणि तरीही मुंग्या होत्याच.

आधी वाटलं, सवयीने येतात, थोड्या दिवसांत जातील. पण उलट त्या वाढल्या. ओट्यावर चढायच्या नाहीत, डब्यांकडे वळायच्याही नाहीत. भिंतीकडून यायच्या आणि फरशीच्या कडेकडेने मोरीकडे जायच्या. माझ्या घरात त्यांचं काही काम नाही, नुसता रस्ता आहे, अशा चालायच्या.

एका सकाळी मी भाजी निवडत खाली बसले होते. उन्हाची तिरीप फरशीवर आली होती आणि त्या उजेडात रांग चालली होती. इतके दिवस मी मुंग्या हाकलल्या, पुसल्या, मारल्या. त्या काय नेतात ते कधी बघितलंच नव्हतं. भिंतीकडे जाणाऱ्या मुंग्या रिकाम्या होत्या. भिंतीकडून येणाऱ्यांच्या तोंडात काहीतरी पांढरं होतं. मला वाटलं अंडी असतील. पाऊस यायच्या आधी अंडी नेतात तशा. मी बोट ओलं करून एक टिपून घेतली. मुंगी पळाली, पांढरा दाणा बोटावर राहिला.

अंडं मऊ असतं. हा दाणा टणक होता. मी तो दातात धरला.

खसखस होती. भाजलेली.

भाजी तशीच टाकून मी रांगेमागे गेले. मधल्या भिंतीत, फरशीला लागून, गिलावा सुटलेला होता. तिथं काडी जाईल एवढी भेग होती. एकेक मुंगी त्यातून बाहेर यायची. काहींच्या तोंडात खसखस, काहींच्या तोंडात तांबूस कण. गूळ लागलेलं कूट. बीळ माझ्या मोरीखाली होतं आणि खाणं पलीकडे होतं. मी इतके दिवस समजत होते की त्या माझ्याकडे खायला येतात.

मी भिंतीला पाठ लावून बसले. तरी मन मानेना. वन्संनी घरी खायला चार पोळ्या केल्या असतील. त्यांना काय हक्क नाही का? कृती मीच तर शिकवली. मग म्हटलं, चार पोळ्यांची एवढी खसखस सांडते का? रोज?

मालक जेवायला आले तेव्हा मी ताट वाढता वाढता विचारलं, "आवो, वन्सं शेंगापोळ्या करत्यात का?"

त्यांनी मान वर केली नाही. "कुणी सांगितलं तुला?"

हे एवढंच म्हणाले. "नाही" म्हणाले नाहीत, "काय की" पण म्हणाले नाहीत. माझ्या हातातली पळी वाटीत तशीच राहिली.

"तुमाला ठाऊक हाय?"

"गुळाची ढेप मीच आणून दिली तिला, मार्केट यार्डातनं," ते म्हणाले. "टेम्पो जातच हुता तिकडं. तिनं सांगितलं, तुझ्या बायकोला सांगू नगंस, तिला वाईट वाटंल. तुझं काम तर बंदच पडलं हुतं. तिचं चार पैसं हुत्यात तर होऊ द्या की. बाई एकटी हाय."

"माझं काम बंद कुणी पाडलं?"

"मुंग्यांनी," ते म्हणाले आणि भाकरी मोडली. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांना फसवलं होतं की त्यांनी मला फसवलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण ढेप माझ्या दारावरून गेली होती. माझ्या नवऱ्याच्या खांद्यावरून.

मी वन्संना काहीच विचारलं नाही. दोन-तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. काय म्हणणार? मुंगीच्या तोंडात खसखस सापडली असं? त्या हसल्या असत्या आणि मीही त्यांच्याबरोबर हसले असते. मला मी माहीत आहे.

मग एका रविवारी, मेसला सुट्टी असते त्या दिवशी, दारात एक बाई उभ्या राहिल्या. चष्मा, हातात लग्नाच्या खरेदीच्या पिशव्या, ऊन लागून चेहरा लाल झालेला.

"शेंगापोळ्या करणाऱ्या ताई इथंच राहतात का? त्यांच्या नणंदबाई फोन उचलत नाहीयेत."

मी मान हलवली.

"तुम्हीच का? मी होटगीची. साखरपुड्याच्या पोळ्या तुमच्याकडूनच होत्या." आणि त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला. "हात कसा आहे आता?"

"हात?"

"मोडला होता ना? तुमच्या नणंद म्हणाल्या. म्हणून तर मध्ये एकदा मागवलेल्या पोळ्या जरा जाड झाल्या, आम्ही काही बोललो नाही. माणसाचं दुखणं असतंच. पण आता लग्न आहे, अडीचशे पाहिजेत. आणि साखरपुड्याला होत्या तशाच हव्यात हं. आमचे व्याही अजून नाव काढतात. एक पोळी उरली नाही, डबे पुसून खाल्ले मुलांनी!"

माझा हात त्यांच्या हातात होता. मी त्याकडे बघत राहिले. त्यांना पाणी द्यायलाही मला सुचलं नाही.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून वन्सं आल्या. हातात पिशवी होती. आम्हाला बघून त्या थबकल्या, मग चटकन हसल्या. "अगंबाई, ताई तुमी? हितं कशाला उनात? माझ्याकडं चला की, बसू. ही काय बोलत न्हाय, हिचा सवभावच तसा."

समोर अक्का विड्या वळायची थांबली होती.

नेहमीसारखं मी नुसतं हसले असते. पण मी बोलले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

"वन्सं, साखरपुड्याच्या पोळ्या गुरांना घातल्या हुत्या न्हवं?"

होटगीच्या बाई वळल्या. "गुरांना? कुणाच्या पोळ्या?"

"तुमच्या. मुंग्या निघाल्या म्हणून. पैसे परत दिलेत मी. चोवीसशे."

"मला?" बाईंनी वन्संकडे बघितलं. "मला कुणी पैसे परत दिले नाहीत. का देईल? पोळ्या खाल्ल्या की आम्ही!"

वन्संनी पिशवी खाली ठेवली. उभी राहीना, कलंडली. तिच्यातून शेंगदाणे घरंगळले.

"घरातलं घरात बोलू," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या घरात गेले. किती महिन्यांनी गेले होते. त्या मला उंबऱ्याच्या आत घेतच नव्हत्या, झाडायचं राहिलंय, पाव्हणं हायत, काहीतरी सांगून दारातच बोलायच्या. टेबल होतं. त्याच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या. दाराच्या आतून, खिडकीखालून, भिंतीच्या कडेने सगळीकडे खडूच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या. फक्त मधल्या भिंतीच्या तळाला रेघ नव्हती. मुंग्यांना जायला तेवढी एकच वाट ठेवली होती.

ती मुद्दाम ठेवली की राहिली, हे मी विचारलं नाही.

"दुपारी करत हुता का?" मी विचारलं. "मी मेसला गेले की?"

वन्संनी पदराने तोंड पुसलं. मग एकदम बोलायला लागल्या. "उनातानात कोण फिरलं? मी. शिव्या कुणी खाल्ल्या, भाव कुणी केला? मी. आणि फोन आला की पयला प्रश्न काय, तुमच्या भावजयीच्या हाताला लई चव हाय हो! भावजय, भावजय. भावजय बसलीया सावलीत. मला नवरा न्हाय, टेम्पो न्हाय. मला वाटलं एकदा माझं कायतरी असावं."

"मग मागायचं हुतं. मी दिलं असतं. कृती दिली की न्हाय, न मागता?"

"तीच तर बोंब हाय! समदं तूच देणार. मी घेणार."

हे खोटं नव्हतं. मला त्यांचं म्हणणं कळलं, आणि कळून राग कमी झाला नाही. कष्ट त्यांचे होते, ते मी मानते. पैसे सारखे वाटून घेऊ म्हणाल्या असत्या, तरी मी मान हलवली असती. पण त्यांनी मला घाणेरडी ठरवलं. माझ्या पोटातली सगळ्यात मोठी भीती त्यांना माहीत होती, तिच्यावरच त्यांनी बोट ठेवलं. अनोळखी माणसाला ते सुचलंच नसतं. आणि गिऱ्हाइकांना मात्र माझंच नाव सांगत राहिल्या, माझा चांगला हात मोडून.

बाहेर आले तर अक्का म्हणाली, "मला वाटलं तुला ठाऊक हाय की. रोज दुपारी वास सुटतोय गल्लीत. मी म्हटलं, नणंद-भावजय मिळूनच करलाल्यात."

"मला सांगायचं हुतं, अक्का."

"तू कधी बोलतीस का माझ्याशी? नुसती हसून जातीस." तिने पान कापायला कात्री उचलली. तेही खरंच होतं.

होटगीच्या बाई माझ्या घरात पाणी पिऊन बसल्या होत्या. त्यांनी लग्नाची ऑर्डर मलाच दिली. मी हो म्हणाले, पण आधी घर दाखवलं. भेग दाखवली, मोरी दाखवली, मुंग्या दाखवल्या. म्हटलं, ह्या आहेत, पंधरा दिवसांत नसतील, मगच पोळ्यांना हात लावेन. बाई म्हणाल्या, "अहो, मुंग्या कुणाच्या घरात नसतात?" मला इतके दिवस हे कुणी म्हणालं नव्हतं.

मुंग्यांचं काय केलं ते लिहिते, पुढे मलाच उपयोगी पडेल. रांग मारून काही होत नाही. रांग म्हणजे कामावर निघालेल्या बायका. घरी बसलेली राणी अंडी घालतच असते. कॅरमबोर्डावर टाकतात ती बोरिक पावडर आणली. एक चमचा पावडर, तीन चमचे साखर, थोडं कोमट पाणी. त्यात कापसाचे बोळे भिजवून जुन्या झाकणांत ठेवले, मोरीपाशी आणि भेगेपाशी. लेक माझी लहान आहे, तिला ताकीद दिली, हात लावायचा नाही. पहिले दोन दिवस मुंग्या तुटून पडल्या. हात शिवशिवत होते, पण एकही मारली नाही. पुसलंही नाही. त्यांनीच ते बिळात नेलं. आठवडा झाला तशी रांग विरळ झाली, मग तुटक झाली, मग एक दिवस एकही आली नाही. तेव्हा पांढरं सिमेंट कालवून भेग बुजवली. आईने काळ्या मुंग्या मारल्या नसत्या. मी मारल्या. माझ्या घरात त्यांनी लक्ष्मी आणली नव्हती.

भेग बुजवताना पलीकडे वन्संच्या बांगड्यांचा आवाज येत होता. सिमेंट थापल्यावरही येत होता. भिंत एका विटेचीच आहे.

पैसे मी मागितले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे तोंडाने पैसे मागितले, आणि ते वन्संकडे. मालक म्हणाले, घरातल्या घरात काय मागायचं, सोड. मी म्हटलं, ढेप आणून देताना घर आठवलं न्हाय? त्यानंतर ते त्या विषयावर बोलले नाहीत. आमच्यात बोलणं आहे, पण मी ताट वाढताना पूर्वी काहीबाही सांगायचे, ते आता सांगत नाही.

वन्संनी एकदम दिले नाहीत. त्यांच्याकडेही नसणार. कधी दोनशे, कधी तीनशे. पोळ्या पोचवायला जाताना दारात थांबायच्या, नोट उंबऱ्यावर ठेवायच्या आणि वर बोळक्याचं झाकण किंवा काही वजन ठेवायच्या, वाऱ्याने उडू नये म्हणून. हातात देत नव्हत्या. मी आतून बघायचे. एकदा वाटलं, म्हणावं, राहू द्या वन्सं, बास झालं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी म्हणाले असते तर पुन्हा मीच देणारी झाले असते आणि त्या घेणाऱ्या. म्हणून नाही म्हटलं.

त्यांच्याही पोळ्या चालूच आहेत. आता त्यांच्या नावाने. खसखस घालतात की नाही माहीत नाही. फोन आता माझा मी उचलते. आधी हसते, मग बोलते. समोरच्याला हसलेलं दिसत नाही, हे माझ्या हल्लीच लक्षात आलं.

गेल्या गुरुवारी शेवटचे चारशे होते. ह्या वेळी त्या उंबऱ्यावर वाकल्या नाहीत. आत आल्या आणि मी पीठ मळत होते तिथं उभ्या राहिल्या. माझे दोन्ही हात पिठात होते.

"फिटले," म्हणाल्या. "बघून घे."

"बघितले," मी म्हटलं.

त्यांनी नोटा ओट्यावर ठेवल्या. माझ्याकडे बघत थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मी बसा म्हणेन असं त्यांना वाटलं असावं. मला म्हणता आलं नाही. त्या गेल्या. मी हात धुतले, नोटा उचलल्या आणि ट्रंकेतल्या बाकीच्या पैशांत ठेवल्या. चोवीसशे पूर्ण झाले. वन्संकडे आता माझं काही येणं राहिलेलं नाही.